व्यायामशाळा गावाजवळ आली. व्यायाम घरात यावा

वार्षिक अहवालात जमाखर्च व सेवांच्या तपशिलाबरोबर आरोग्यविषयक एक अभ्यासलेख द्यावा, असा आमचा प्रघात आहे. यंदाच्या विषयाची निवड आमच्यापुढे वारंवार येणाऱ्या दोन प्रश्नांमुळे झाली. पहिला प्रश्न रुग्णांचे नातेवाईक विचारतात : ‘डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे, मग जिम लावावी का?’ दुसरा प्रश्न दात्यांचा असतो : ‘गावासाठी व्यायामाची यंत्रे दिली तर लोकांच्या आरोग्याला उपयोग होईल का?’ दोन्ही प्रश्नांमागील भावना चांगली आहे. परंतु दोहोंतही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की, व्यायाम म्हणजे घराबाहेरची एक जागा आणि तेथील यंत्रे. ही समजूत कोठून आली, तिने आपल्या रोजच्या सवयींवर काय परिणाम केला, आणि तामलवाडीसारख्या सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील गावातील कुटुंबाने त्यातून काय घ्यावे व काय सोडावे, याचा विचार या लेखात केला आहे.

‘लावणे’ या शब्दाचा अर्थ

आपल्या बोलण्यात दूध ‘लावतात’, शिकवणी ‘लावतात’, वर्तमानपत्र ‘लावतात’. अलीकडे जिमही ‘लावली’ जाते. महिन्याचे पैसे देऊन दुसऱ्याकडून घ्यावयाची सेवा, असा या क्रियापदाचा अर्थ आहे. जी गोष्ट लावता येते ती बंदही करता येते. परीक्षा आली, सुगी आली, घरात लग्नकार्य निघाले की जिम बंद होते आणि तिच्याबरोबर व्यायामही बंद होतो. जेवण, झोप किंवा दात घासणे आपण ‘लावत’ नाही, कारण ते दिवसाचेच भाग असतात. व्यायाम या दुसऱ्या यादीतून पहिल्या यादीत गेला, हा जिम संस्कृतीचा सर्वांत मोठा आणि सहसा लक्षात न येणारा परिणाम होय.

तालमीपासून जिमपर्यंत

महाराष्ट्राला व्यायामशाळा नवी नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला शास्त्रशुद्ध रूप दिले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय देऊन खासबाग मैदान उभे केले. अमरावतीस १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांचे प्रदर्शन केले. आपल्या भागातही तालीम, मारुतीचे देऊळ आणि आखाड्याची तांबडी माती यांचे नाते जुने आहे.

परंतु या परंपरेचे दोन प्रवाह होते, हे विसरू नये. पहिला आखाड्याचा होता. त्याला वस्ताद हवा, जोडीदार हवा, दूध-तूप-बदामाचा खुराक हवा, आणि त्याचे दार प्रामुख्याने तरुण पुरुषांसाठीच उघडे असे. दुसरा प्रवाह घरच्या व्यायामाचा होता. जोर, बैठका व सूर्यनमस्कार यांना एका माणसाच्या लांबीची जागा पुरते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार राजवाड्यातून शाळांत व सामान्य घरांत नेले, त्यामागे हाच विचार होता. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगाभ्यासाचा प्रयोगशाळेच्या साधनांनी अभ्यास सुरू केला, तेव्हाही अंथरलेल्या सतरंजीपलीकडे साधकाला कशाची गरज नव्हती.

आधुनिक जिमची कथाही मराठी माणसाला परकी नाही. तळवलकर हे नाव १९३२ पासून मुंबईच्या व्यायामशाळांशी जोडले गेले आणि २०१० मध्ये त्या नावाच्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. मधल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत काय घडले, याचे सार या एका घटनेत आहे. व्यायामशाळा हा व्यवसाय झाला. महानगरांतून ती जिल्ह्याच्या ठिकाणी व तेथून तालुक्याला पोहोचली. तामलवाडीच्या तरुणाला आज सोलापूर व तुळजापूर या दोन्ही बाजूंच्या जिम मोटारसायकलच्या टप्प्यात आहेत.

जिमने दिलेले

दोष सांगण्यापूर्वी ऋण मान्य करणे योग्य ठरेल. पहिले ऋण प्रतिष्ठेचे आहे. ‘काम नाही म्हणून व्यायाम करतो’ असे म्हणण्याचे दिवस गेले. व्यायामासाठी वेळ काढणे ही आता अभिमानाची गोष्ट आहे. दुसरे ऋण स्नायूंच्या ताकदीचे. पूर्वी डॉक्टर फक्त ‘चालत जा’ एवढेच सांगत. स्नायूंची ताकद वाढविणारा व्यायाम मधुमेही, प्रौढ स्त्रिया व वृद्ध यांनाही आवश्यक आहे, हे आता वैद्यकशास्त्र ठामपणे सांगते आणि जिममुळे समाजही ते ऐकू लागला आहे. तिसरे ऋण स्त्रियांच्या बाबतीतील. आखाड्याचे दार जिला बंद होते, तिला शहरातील जिमने प्रवेश दिला. चौथे ऋण शिस्तीचे. ठरावीक वेळ, सोबती, शिकविणारा आणि वाढत्या वजनाची नोंद यांमुळे नियमितपणा येतो. ज्याला जिम परवडते, जवळ आहे आणि तेथे जाणता प्रशिक्षक आहे, त्याने ती सोडण्याचे कारण नाही.

हातून निसटलेले

तरीही चार गोष्टी निसटल्या.

पहिली गोष्ट म्हणजे व्यायामाची जागा. करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील जिम बंद झाल्या आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, त्या उघडण्यास परवानगी मिळाली. सात महिन्यांच्या या खंडाने एक धडा दिला. ज्याला शरीराची हालचाल शिकविलेली होती त्याला ती घराच्या ओसरीवर चालू ठेवता येत होती. ज्याला केवळ यंत्र चालविणे शिकविले होते त्याचा व्यायाम यंत्राबरोबर कुलुपात राहिला.

दुसरी गोष्ट उद्देशाची. आरशातील दंड व पोट हे यशाचे माप बनले. रक्तातील साखर, रक्तदाब, जिना चढतानाचा श्वास, उतारवयात न पडता चालणे ही आरोग्याची खरी मापे आरशात दिसत नाहीत. आरशासाठी केलेल्या व्यायामाला फळ लवकर हवे असते आणि त्या घाईतून डबाबंद पावडरी, कधीकधी उत्तेजक औषधेही येतात. शरीर फुगविणाऱ्या स्टेरॉइड्‌समुळे हृदय, यकृत व प्रजननक्षमता यांना इजा होऊ शकते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. सामान्य प्रौढास दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी आहेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितले आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून ती मिळतात. ज्या सोयाबीनमध्ये वजनाच्या तृतीयांशाहून अधिक प्रथिने असतात, ते आपल्याच शिवारात पिकते व पोती भरून बाजारात जाते. त्यातील थोडे नीट शिजवून घरच्या ताटातही यावे.

तिसरी गोष्ट उरलेल्या दिवसाची. एक तास घाम गाळला की बाकीच्या वेळी बसून राहण्याचा परवाना मिळाला, असे वाटू लागते. पाचशे पावलांवरील दुकानात मोटारसायकल जाते आणि मोटारसायकलवरूनच जिमलाही जातात. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालविणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करून तिकिटे देणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. त्या कंडक्टरांपैकी कोणी जिम लावलेली नव्हती. त्यांचा व्यायाम त्यांच्या दिवसातच मिसळलेला होता.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि रुग्णालय म्हणून आम्हाला तीच अधिक बोचते. जिमला जातो तो बहुधा घरातील सर्वांत निरोगी माणूस असतो. वीस-बावीस वर्षांचा मुलगा वजने उचलतो आणि त्याच घरातील मधुमेही आई, गुडघे धरलेली आजी व रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे वडील जागचे हलत नाहीत. व्यायाम ही मुलाची वस्तू झाली. तो घराचा संस्कार राहिला नाही. ज्यांना व्यायामाची गरज औषधाइतकीच आहे, त्यांनाच तो आपल्यासाठी नाही असे वाटावे, ही या संस्कृतीची खरी किंमत आहे.

आकडेही हेच सांगतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या पाहणीत महाराष्ट्राचाही समावेश होता, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.४ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते आणि फावल्या वेळात मुद्दाम व्यायाम वा खेळ करणारे दहा टक्क्यांहून कमी होते. याच मालिकेच्या २०२३ च्या निष्कर्षांनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत व आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजात भारतीय पुरुषांपैकी ४२ टक्के, तर स्त्रियांपैकी ५७ टक्के पुरेशी हालचाल न करणाऱ्या आढळतात. जिमची संख्या वाढत असतानाचे हे चित्र आहे.

‘शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?’

हा प्रश्न आमच्याकडे नेहमी विचारला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेतकाम व घरकाम ही शारीरिक हालचालच आहे. जागतिक आरोग्य संघटनाही ती हिशेबात धरते. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईला पुन्हा तासभर व्यायाम करण्यास सांगणे निर्दयपणाचे ठरेल.

मात्र ते राबणे आता पूर्वीचे राहिलेले नाही. जात्याची जागा गिरणीने, उखळाची मिक्सरने, मोटेची विजेच्या पंपाने, औताची ट्रॅक्टरने व खळ्याची मळणी यंत्राने घेतली. शेतावर पायी जाणारा आता गाडीवरून जातो. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. कोणाही सुनेने पुन्हा पहाटे जात्यावर बसावे असे आम्ही म्हणणार नाही. पण यंत्राने वाचविलेली हालचाल शरीराला अन्य मार्गाने द्यावी लागते, हा हिशेब मात्र कोणी केला नाही. शिवाय कोरडवाहू भागातील कष्ट हंगामी असतात : पेरणी-काढणीला अंग मोडेपर्यंत काम आणि उन्हाळ्यात महिनोन्‌महिने बसणे. शेतकाम एकाच बाजूने वाकवते. कंबर शिणते, पण तोल, पाठीचा ताठपणा व सांध्यांची लवचिकता यांना त्यातून व्यायाम मिळतोच असे नाही. म्हणून राबणाऱ्यांना थोडा, पण निराळा व्यायाम हवा : पाठ सरळ करणारा, मांड्या बळकट करणारा आणि श्वास मोकळा करणारा.

घरचा व्यायाम : किती आणि कसा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी तीन वा अधिक दिवस तोल व ताकदीचे व्यायाम करावेत. पूर्वी सलग दहा मिनिटांची अट होती, ती आता नाही. थोडी थोडी हालचालही जमेस धरली जाते. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा १९६० च्या दशकात जपानमधील एका पावलेमापक यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झाला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात सुमारे सात हजार पावलांनीही मोठा लाभ दिसून आला. त्यामुळे आकडा गाठता आला नाही म्हणून निराश होऊ नये.

पुढील सहा प्रकार यंत्राशिवाय, लुगडे-साडी वा पायजम्यात, दारे लावून किंवा अंगणात करता येतात. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, थोडे थांबून दुसऱ्यांदा, असे आठवड्यातून दोन-तीन दिवस करावे.

१. खुर्चीवरून उठबस : भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसून, शक्य असल्यास हातांचा आधार न घेता, सावकाश उठावे व सावकाश बसावे. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरील भार हलका होतो.

२. भिंतीवरचे जोर : भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळहात भिंतीला टेकवावेत, कोपरे वाकवून छाती भिंतीकडे न्यावी व परत यावे. जमिनीवरील जोर न जमणाऱ्यांस हे उत्तम.

३. टाचा उचलणे : चौकटीला धरून दोन्ही टाचा वर उचलाव्यात व हळू टेकवाव्यात.

४. पायरी चढउतार : ओट्याच्या एकाच पायरीवर एकेक पाय ठेवून चढावे व उतरावे.

५. बाटली उचलणे : पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे सुमारे एक किलो वजन. दोन्ही हातांत बाटल्या धरून कोपरातून वर आणाव्यात, नंतर खांद्यावरून वर न्याव्यात.

६. एका पायावर उभे राहणे : चौकटीला बोटे टेकवून प्रत्येक पायावर दहा सेकंद. वृद्धांनी जवळ माणूस असतानाच करावे.

यांबरोबर रोज अर्धा तास चालावे. ते सकाळी पंधरा व सायंकाळी पंधरा मिनिटे असे विभागले तरी चालेल. गती किती असावी? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. ज्यांना सूर्यनमस्काराची सवय आहे व ज्यांचे गुडघे, कंबर आणि रक्तदाब ठीक आहेत, त्यांनी ते अवश्य घालावेत. चालण्याचे सामर्थ्य कमी लेखू नये. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंधक प्रकल्पात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तींनी आहार व नियमित चालणे यांत बदल केल्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. ही माणसे आपल्यासारखीच भारतीय होती आणि त्यांच्या हाती यंत्रे नव्हती.

जिमला जाणाऱ्या मुलाला आम्ही एक काम सांगू इच्छितो. तेथे शिकलेले त्याने घरी शिकवावे. आईला खुर्चीवरून उठबस शिकविण्यास, तिच्या बारा फेऱ्या मोजण्यास आणि आजीच्या शेजारी उभे राहण्यास पंधरा मिनिटे लागतात. स्वयंपाकघरातून तिला ती पंधरा मिनिटे मोकळी करून देणे, ही मात्र साऱ्या घराची जबाबदारी आहे. पुष्कळदा स्त्रीला इच्छा असते. तिला नसतो तो तिचा स्वतःचा म्हणता येईल असा वेळ.

सावधगिरीच्या सूचना

व्यायाम करताना छातीत दुखणे वा दडपण येणे, दम कोंडणे, चक्कर, डावा हात किंवा जबडा दुखणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबून रुग्णालय गाठावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब वा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. रक्तदाब असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास रोखू नये. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. खिशात साखर वा गूळ ठेवावा. पहिल्याच दिवशी ईर्षेने शेकडो बैठका मारू नयेत. अशा अतिरेकाने स्नायू फुटून लघवी काळपट होते व मूत्रपिंडास इजा पोहोचते.

आपल्या रस्त्याला लागू असलेली एक सूचना स्वतंत्रपणे द्यावीशी वाटते. कोजागरी पौर्णिमेला सोलापूरकडून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ तामलवाडीवरून पुढे जाते. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. वर्षभर न चालणाऱ्या पायांनी ते एका रात्रीत चालणे हा श्रद्धेचा विषय आहे, पण शरीराला त्याची पूर्वतयारी हवी. ज्यांचा संकल्प आहे त्यांनी दोन महिने आधी रोज अर्ध्या तासापासून चालण्यास आरंभ करून दर आठवड्याला थोडी वाढ करावी. मधुमेहींच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते; खडा रुतला किंवा फोड आला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पुढे बोट वा पाय गमावण्याची वेळ येते. त्यांनी अनवाणी चालू नये, मऊ मोजे व सैल पायताण वापरावे आणि परतल्यावर चांगल्या उजेडात, गरज पडल्यास आरशात पाहून, तळवे तपासावेत. आई भवानीच्या दर्शनाला पुढच्या वर्षीही याच पायांनी जायचे आहे, एवढे स्मरण ठेवावे.

दात्यांस व विश्वस्तांस

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. यंत्रे द्यावीत का? उघड्यावरील व्यायामसाहित्य अनेक गावांत बसविले गेले आहे आणि जेथे त्याची निगा राहते, सावली व उजेड असतो, तेथे त्याचा उपयोग होतो. पण यंत्र शिकवत नाही, विचारपूस करीत नाही आणि बिघडले तर गंजत उभे राहते. शिवाय चारचौघांच्या नजरेसमोर त्यावर चढणे आपल्याकडील प्रौढ स्त्रीला आजही अवघड जाते. दान एका वेळेचे असते. सवयीला मात्र माणूस लागतो.

म्हणून आमचे नम्र मत असे आहे की, यंत्रापूर्वी माणसाचा विचार व्हावा. घरोघरी जाऊन वृद्धांना उठबस व तोलाचे व्यायाम शिकविणारा भौतिकोपचार तज्ज्ञ, गावातीलच एखाद्या भगिनीला दिलेले प्रशिक्षण, स्त्रियांसाठी शाळेच्या पटांगणात राखून ठेवलेली सायंकाळची वेळ, चालण्याच्या वाटेवर सावलीची झाडे व दोन दिवे, मधुमेहींसाठी योग्य पायताणे — या गोष्टींचे उद्‌घाटन होत नाही आणि त्यांच्यावर नावाची पाटी लावण्यास जागाही अपुरी असते. पण रुग्णालयाच्या दारात उशिरा येणारा रुग्ण त्यांच्यामुळे वेळीच सावरू शकतो.

ज्या जिल्ह्याने खो-खोसारख्या, मैदान व दोन खांब यांपलीकडे काही न मागणाऱ्या खेळात सारिका काळे यांच्यासारखी अर्जुन पुरस्काराची मानकरी २०२० मध्ये देशाला दिली, त्या जिल्ह्याला साधनांवाचून शरीर घडविण्याची कला नव्याने शिकवावी लागू नये. जिमला जाणाऱ्यांनी आनंदाने जावे. मात्र व्यायामाची पहिली जागा आपली ओसरी, पहिले यंत्र आपली खुर्ची आणि पहिला विद्यार्थी घरातील सर्वांत अशक्त माणूस असावा, एवढीच या लेखाच्या निमित्ताने आपणा सर्वांस विनंती.